तीन शेगड्यांचा स्वयंपाक

"एवढ्या रात्री कोण गाडी मागे घेतंय?" बायकोने झोपेतच विचारलं. गाडीबिडी नव्हती. मी लॅपटॉपवर कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकाचं संगीत ऐकत होतो आणि हेडफोनची पिन नीट बसली नव्हती. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. पहिले चार सेकंद ते रिव्हर्स हॉर्नसारखंच वाटतं.

मग खालून बास येतो, वर धून, मागे कॉर्ड, शिवाय ढोल. मोजायला बसलं तर चार-पाच वादक भरतात. प्रत्यक्षात 1982 सालच्या त्या मशीनमधल्या सिड नावाच्या चिपला एका वेळी तीनच आवाज काढता येतात. ती बनवणाऱ्या बॉब यानेसला 32 हवे होते. वेळ पुरला नाही, म्हणून त्याने एक साधा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं सर्किट, घेतला आणि तोच तीनदा मांडला.

आता कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम. पेटीवर तीन पट्ट्या दाबल्या की काम झालं. इथे तिन्ही आवाज त्यातच संपले तर धून कोण वाजवणार? म्हणून एकाच आवाजाला सा-ग-प, सा-ग-प असं पळवायचं. युरोपातल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला 50 वेळा नव्याने उमटायचं. त्या प्रत्येक ठोक्याला सूर बदलायचा. कानाला ते सुटे धरता येत नाहीत. तो बापडा थरथरता, बुडबुड्यांसारखा एकच कॉर्ड ऐकतो. ढोलाची गंमत याहून भारी. बास वाजवणारा आवाज क्षणभर बास सोडतो, खरखरीचा एक फटका मारतो आणि मुकाट्याने परत बासवर येतो. वरण उतरवून त्याच शेगडीवर पटकन फोडणी करायची आणि वरण पुन्हा चढवायचं, पंगतीला पत्ता लागू न देता! इंग्लंडमधले संगीतकार रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे यात तरबेज. त्यांना बल्लवाचार्य म्हणवत नाही. बल्लवाचार्यांना शेगड्या कधी कमी पडत नाहीत.

त्याच साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या संगणकाकडे शेगडीसुद्धा नव्हती, नुसती काडेपेटी. स्पीकर चालू किंवा बंद, बस्स. तेही प्रोसेसरनेच करायचं, त्यामुळे गाणं वाजताना पडद्यावरचा खेळ बहुधा ठप्प. विशीही न गाठलेल्या टिम फॉलिन या संगीतकाराने त्या टकटकीतून एकदम अनेक सूर काढले.

सिडच्या पहिल्या 6581 चिपमध्ये एक दोष होता. आवाज लहान-मोठा केला की 'टक्' व्हायचं. कुणीतरी ती टकटक भराभर वाजवून पाहिली आणि चिपला ठाऊक नसलेला चौथा आवाज सापडला. आवाज लहान-मोठा करायच्या पायऱ्या 16 च, म्हणून खरबरीत. पण ढोल अगदी रेकॉर्ड केलेला, खरा. पुढे 8580 ही सुधारित चिप आली, दोष जवळजवळ गेला आणि त्या गाण्यांतला ढोल पार दबला.

लॅपटॉपवरचं, या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मला विचारतं, कोणती चिप हवी? मी 6581 वर टिचकी मारतो आणि पिन नीट खोचतो.