एका गुणाचं इस्तंबूल

इस्तंबूलमध्ये चार दिवस होतो. हाया सोफिया, बॉस्फरसची फेरी, मसाल्यांचा बाजार यांवर मराठीत ढीगभर लिहून झालंय, ते गाळतो. लिहायचंय ते सिनान एर्देम या बंदिस्त क्रीडागृहाबद्दल आणि तिथे एका गुणाने हरलेल्या बास्केटबॉलच्या एका सामन्याबद्दल.

येनीकापीहून एम१ए मेट्रो धरायची आणि अताकोय-शिरिनेवलरला उतरायचं. घोळ होतो तो इथेच. एम१बी पण येनीकापीहूनच सुटते, ओतोगारपर्यंत दोन्ही एकाच मार्गाने जातात आणि पुढे फाटा फुटतो. 'किराझली'ची, म्हणजे एम१बीची गाडी धरलीत तर मुकाट ओतोगारला परत यायचं. सामना नसेल त्या दिवशी बाहेरून दिसतो तो नुसता घुमट. फोटोवाल्यांनी वाट वाकडी करू नये.

मी केली ती आंद्रेई किरिलेंको या रशियन बास्केटबॉलपटूसाठी. जन्म १९८१ चा, इझेव्स्कचा. कलाश्निकोव रायफल बनते ते हे गाव, म्हणून आद्याक्षरांना ४७ क्रमांकाची जर्सी जोडून तो 'एके-४७' झाला. सेंट पीटर्सबर्गच्या स्पार्टाककडून सुरुवात, मग मॉस्कोचा सीएसकेए हा क्लब, मग अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये युटा जॅझकडे दहा हंगाम. उंची २.०६ मीटर, पण त्याचं खरं काम गुण मोजून कळत नाही. ३ जानेवारी २००६ ला लेकर्सविरुद्ध १४ गुण, ८ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं), ९ असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास), ६ स्टील (चेंडू चोरणं), ७ ब्लॉक (फेक अडवणं). पाचही रकान्यांत किमान सहा! नुसता उंच खेळाडू ब्लॉक करतो, नुसता चपळ चेंडू चोरतो. एकाच सामन्यात दोन्ही करणारे विरळा.

२०११ मध्ये एनबीएत टाळेबंदी झाली, म्हणजे मालक-खेळाडूंच्या वादात सामने थांबले, तेव्हा तो सीएसकेएकडे परतला आणि युरोपातल्या क्लबांच्या युरोलीग स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंतिम सामना याच घुमटाखाली, १३ मे २०१२ ला, ग्रीसच्या ऑलिंपियाकोसशी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सीएसकेए १९ गुणांनी पुढे. एवढी आघाडी एका फटक्यात जात नाही, झिरपत जाते. शेवटी सीएसकेए ६१-६० ने पुढे, दहा सेकंदही उरले नव्हते आणि त्यांच्या शिश्काउस्कासला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी आड न येता एकेका गुणाची फेक. एक जरी पडला असता तरी समोरच्याला दोन गुणांत फक्त बरोबरी साधता आली असती. दोन्ही हुकले. ऑलिंपियाकोसचा स्पानौलिस चेंडू घेऊन आत घुसला, बचाव त्याच्याकडे ओढला गेला, आणि मोकळ्या झालेल्या त्याच्या साथीदाराने, प्रिंटेझिसने चेंडू अलगद वर तरंगवला. ०.७ सेकंद बाकी, ६२-६१. सीएसकेएच्या पाठीराख्याला आजही त्या दोन फ्री थ्रोंचा विषय काढून बघा, जेवण कडू होईल.

त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला ८१-७७ हरवून रशियाने कांस्य मिळवलं, त्यात किरिलेंको होताच. एनबीएत मिनेसोटा, ब्रुकलिनकडची पुढची वर्षं माझ्या मते त्याच्या तोलामोलाची नव्हती. युरोलीग चषक मात्र कधीच हाती लागला नाही. २०१५ मध्ये तो परत सीएसकेएकडे होता, तेव्हाही संघ पुन्हा ऑलिंपियाकोसकडूनच उपांत्य फेरीत हरला, ७०-६८, तेही माद्रिदच्या त्याच क्रीडागृहात, जिथे २००७ ला रशियाने स्पेनला त्यांच्याच घरी ६०-५९ असं हरवून युरोपीय अजिंक्यपदाचं सुवर्ण नेलं होतं आणि किरिलेंको स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २०१५ च्याच उन्हाळ्यात तो निवृत्त झाला आणि लगेच रशियन बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला.

माद्रिदचं ते क्रीडागृह गाठणं फार सोपं. २ किंवा ४ क्रमांकाची मेट्रो, स्थानक गोया.