आज्जाच्या खोपीच्या जागेवर

शनिवार, 22 नोव्हेंबर. वडगाव, बेळगाव

टेंट मंगळवारीच आलाय, पण घरात तो पसरायला जागा नाही. खाली दोन माग, वर तीन खोल्या आणि आम्ही सहा जणं. शेवटी आज गच्चीवर नेला.

34 वर्षांत मी एकही रात्र एकटी झोपलेली नाही. आधी आज्जीच्या कुशीत, मग बहिणीजवळ, हॉस्टेलला एका खोलीत चौघी, आता पुतणी. दिवाळीत फराळाचे डबे भरताना हे सहज मनात आलं आणि तेव्हापासून जाईना. कुणावर राग नाही, घरातून पळायचंही नाही. उघड्यावर, आपल्या हाताने उभ्या केलेल्या आडोशाखाली एक रात्र स्वतःपुरती काढून बघायची आहे, एवढंच.

आईला सांगितलं तर तिने साप विचारला नाही, चोर विचारला नाही. म्हणाली, "आणि जेवणार कुणाबरोबर?" मला उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न खरा होता.

रविवार, 23 नोव्हेंबर. पहाट

पाचला गालावर थेंब पडला म्हणून जाग आली. पाऊस नव्हता. टेंटचं छत आतून ओलं झालं होतं, बोट फिरवलं तर ओघळ खाली आला. थंडी वाजते म्हणून मी काल दोन्ही झडपा घट्ट लावून घेतल्या होत्या. रात्रभराचा माझा श्वास गार कापडाला लागून त्याचं पाणी झालं. म्हणजे थंडी असली तरी झडपा उघड्या ठेवायच्या, ऊब अंगावरच्या पांघरुणाने मिळवायची.

दुसरी गोष्ट पाठ शिकली. स्लीपिंग बॅग जाड आहे, पण अंगाखाली तिचा कापूस दबून जातो आणि दबलेला कापूस काही ऊब धरत नाही. स्लॅबची गारी थेट हाडात शिरली. बॅगेपेक्षा खालची मॅट महत्त्वाची, हे कुणी लिहिलेलं वाचलं होतं. आज पटलं.

आणि मागांचा आवाज. आमच्या गल्लीत कुणाचा ना कुणाचा माग रात्री उशिरापर्यंत खटखटत असतोच. लहानपणापासून मी त्याच आवाजावर झोपते. काल बाराच्या पुढे शेवटचा माग बंद झाला आणि त्या शांततेने माझी झोप उडाली. घरापासून पंधरा पायऱ्या वर ही गत, तर शेतात काय होईल?

रविवार, 30 नोव्हेंबर. मामाचं शेत

सकाळच्या गाडीने पिरनवाडी, किणये करत जांबोटी रस्त्याला मामाकडे आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझ्या मनात आधी भीमगडाकडचं जंगल होतं. गेल्या महिन्यात तिकडच्या एका गार्डला विचारलंही. तो कानडीत सुरुवात करून अर्ध्यावर मराठीत आला, पण सांगितलं ते स्वच्छ: 2011 पासून ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय रात्री थांबायचं नाही, आणि खानापूरच्या रानात अस्वल आहे, गवा आहे, ही थट्टा नव्हे. त्याच्या सांगण्यात धमकी नव्हती, काळजी होती. पहिल्या रात्रीला दुसऱ्याच्या घरात, म्हणजे अस्वलाच्या घरात, शिरायचं काही कारण नाही. आपल्या माणसाचं शेत, त्याची संमती, गावापासून दहा मिनिटांची वाट. सुरुवात इथून.

मामाने सगळं शेत फिरवून दाखवलं. रताळी काढून झालीत, वेल बांधावर वाळत टाकलेत. खालच्या अंगाला ओढा आहे, तिथली जागा मला फार आवडली. हिरवळ, सपाट. मामा नको म्हणाला. "गार हवा रातचं खाली उतरती, सगळी त्या खळग्यात साठती. आनि डुकराची वाट बी तीच." आंब्याखालीही नको, कारण वर एक वाळकी फांदी लोंबत होती. शेवटी काजूच्या दोन झाडांपलीकडचा वरचा तुकडा दाखवून तो म्हणाला, "हितं आज्जाची खोप हुती."

मला माहीत नव्हतं. रताळी मोठी व्हायला लागली की आज्जा रोज रात्री इथे राखणीला यायचा. चार मेढी, वर गवत, खाली पेंढा, हाताशी एक पत्र्याचा डबा आणि काठी. डुकराची चाहूल लागली की डबा वाजवायचा. एकटा. वर्षातले दोन-अडीच महिने. मामा हे इतकं साधेपणाने सांगत होता की मला माझ्या निळ्या टेंटबद्दल बोलायला जड गेलं नाही. मी इथे काही परकं करायला आलेले नाही. या जागेला एकट्या माणसाची सवय आहे.

मोबाइलला रेंज फक्त मोठ्या बांधावर उभं राहिलं तर येते. ते वहीत लिहून घेतलं.

रविवार, 7 डिसेंबर

सामान काढून ठेवलं. चूल नाही, गॅस नाही. वाळलेल्या गवतात पहिल्याच रात्री जाळ करायचा धीर मला नाही, आणि टेंटच्या आत तर शेगडी कधीच पेटवायची नाही, तिचा विषारी वायू झोपेतच माणसाला नेतो. त्यामुळे भाकरी, शेंगाची चटणी, थर्मासमध्ये चहा. पाणी चार लिटर. डोक्याला बांधायची बॅटरी आणि दुसरी हातातली. शिट्टी गळ्यात.

सापाचा विचार शांतपणे केला. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून कळत नाही. चेन पूर्ण लावलेला टेंट याच्यावर चांगला उपाय आहे, अट एकच, चेन उघडी टाकायची नाही. बूट आत घ्यायचे, घालताना झटकायचे. तरी चावलंच तर बांधणं, कापणं नाही. पाय हलवायचा नाही आणि सरकारी दवाखाना गाठायचा. 108 आणि 112 दोन्ही नंबर कागदावर लिहिले, कारण मोबाइल बंद पडू शकतो.

माकडतापाचाही विचार केला. 1957 साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि आता आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही येऊन पोचलाय. पसरवते ती बारीक गोचीड, आणि तिचा जोर थंडी-उन्हाळ्यात, म्हणजे नेमका फिरायला चांगल्या दिवसांत. पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग नीट तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला जायचंच नाही.

भावाशी ठरलं: रात्री दहाला एक मेसेज, सकाळी सातला एक. सातचा आला नाही तर त्याने मामाला फोन करायचा. त्याआधी घाबरायचं नाही. हे ठरल्यावर माझ्या पोटातली अर्धी भीती गेली. आपण कुठे आहोत हे दोन माणसांना नेमकं ठाऊक असलं की एकटं राहायला मोकळीक मिळते.

शनिवार, 13 डिसेंबर. शेत, रात्री 8

टेंट उजेड असतानाच उभा केला, सहाच्या आत. वरचा इंचभर मुरूम सैल, खाली तांबडी जमीन दगडासारखी. पहिल्या दोन खुंट्या वाकल्या. मग बांधावरचे दगड आणले, दोऱ्या दगडांना गुंडाळल्या, त्यावर दुसरा दगड. दार पूर्वेला ठेवलं. शौचासाठी खुरप्याने वीतभर खोल खड्डा काढला, ओढ्यापासून लांब.

मामीने वाकळ दिली. वजन नको म्हणून मी नाही म्हणत होते, पण तिने ती डोक्यावर घेऊन स्वतः आणून टाकली. मी ती पांघरायला न घेता मॅटखाली अंथरली. जुन्या साड्यांचे सात-आठ थर, त्यात एक किनार ओळखीची, आईच्या लग्नातली असावी. जमिनीची गारी आता वर येत नाही.

जाताना मामी वळून म्हणाली, "भ्या वाटंना काय गं तुला?" मी म्हटलं, वाटतंय की मामी. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

भाकरी खाल्ली. आईचा प्रश्न आठवला. पहिले दोन घास गिळताना घसा भरून आला, हे लिहून ठेवते. मग चटणीतला लसूण लागला, भूक लागली, आणि जेवण नीट झालं.

रात्री 10.20

बांधावर जाऊन मेसेज केला. येताना बॅटरी पायाखाली, पाच पावलांवर एकदा लांब. टिटवी दोनदा ओरडून गेली. ती ओळखीची.

रात्री 11.40

हात थरथरतोय. टेंटच्या बाहेरून, डोक्याशी, काहीतरी खरवडतंय. थांबतं. परत खर्र. उठून बसले, शिट्टी तोंडात धरली. कुत्रं नाही, कुत्रं हुंगतं तेव्हा श्वास ऐकू येतो. इथे श्वास नव्हता. मनात आज्जा आला. तो काय करत असेल? आधी ऐकत असेल. मी मनात मोजायला सुरुवात केली. खर्र आणि वारा बरोबर येत होते. वारा पडला की खर्र थांबे. मग आतूनच बॅटरी त्या जागेवर धरली. काजूचं वाळलेलं पान. कापडाच्या घडीत देठ अडकलं होतं आणि वाऱ्याने ते मागेपुढे घासत होतं. उजेडात त्याची सावली आतून दिसली, शिरांसकट.

ते काढायला मी बाहेर गेले नाही. राहू दिलं. नंतर दोन-तीन वेळा ते वाजलं तेव्हा पान वाजलं, एवढंच कानाला कळलं.

त्यानंतर ओढ्याच्या बाजूने भुंकणं आलं, खरखरीत, ठरावीक अंतराने. हे भेकर. मामाने सांगून ठेवलं होतं, की ते बोललं म्हणजे वाघरूच आलं असं नाही, माणसाच्या वासानेही भुंकतं. म्हणजे कदाचित ते मलाच भीत असेल.

रात्री 1.15

झोप नाहीच, तर बूट झटकून बाहेर आले. तारीख मुद्दाम ही निवडली होती. दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात. 1983 साली सापडलेला फेथन नावाचा लघुग्रह आहे, त्याने मागे सोडलेल्या धुळीच्या वाटेतून पृथ्वी जाते आणि ते कण आपल्या हवेत जळतात. वद्य पक्षातली रात्र, चंद्र अजून आला नव्हता. मृग कलायला लागलेला, त्याच्या खाली व्याध, आणि डोक्यावर पुनर्वसूचे दोन तारे. उल्का जणू तिथूनच निघत होत्या.

दगडावर वाकळीचं टोक घेऊन बसले. अर्ध्या तासात अकरा मोजल्या. एक संथ होती, पिवळट, चोर्ल्याच्या दिशेला डोंगराच्या मागे गेली. ती बघताना माझ्या तोंडून "अगं बघ" असं निघालं. शेजारी कुणी नव्हतं. मी ते परत एकदा म्हटलं, हळू, स्वतःलाच.

मग पूर्वेला अर्ध्याहून कमी चंद्र वर आला, तांबूस. आत जाऊन चेन लावली. झडपा उघड्या.

रविवार, 14 डिसेंबर. सकाळ

झोपले. चार तास, सलग. छत आतून जेमतेम ओलसर, बाहेर मात्र दहिवर इतकं की दोऱ्यांवरून थेंब टपकत होते. मोबाइल 13 अंश दाखवत होता. सातला पाच मिनिटं असताना बांधावरून मेसेज केला. भावाचं उत्तर लगेच आलं, म्हणजे तो मोबाइल हातात धरूनच बसला होता.

मामी चहाची किटली घेऊन आली. मामा गोठ्यात होता. आम्ही दोघी बांधावर बसलो. तिने पान, भेकर, उल्का सगळं ऐकलं. मग किटलीच्या दांडीवरून बोट फिरवत म्हणाली, "मी बी कधी एकटी झोपलेली न्हाय बघ. लग्नाआधी आईजवळ. मग हितं. दवाखान्यात हुते तवा बी शेजारी बाई हुतीच." मामी 61 वर्षांची आहे.

"आत कसं वाटतंय गं?"

मला शब्द सुचेनात. मी म्हटलं, बघा की जाऊन.

तिने चपला बाहेर काढल्या, मग माझं बघून त्या आत घेतल्या. पदर सावरत गुडघ्यावर आत गेली. चेनचं टोक शोधायला तिला वेळ लागला. मी मदत केली नाही. मग चेन हळूहळू खालून वर गेली, पूर्ण, आणि वाकळीवर कुणी पडल्याचा आवाज आला.

ऊन काजूच्या शेंड्यावर आलं होतं. माझा चहा गार झाला. गावाकडून मामाने दोनदा हाक मारली, आणि मी हात वर करून त्याला थांब म्हणून खुणावलं.