जेम्म्युला स्पेसिओसा: मणीदार कंगोऱ्यावर बाइनचा रोग

जेम्म्युला स्पेसिओसा या समुद्री गोगलगायीच्या शंखांचे छायाचित्रण आधी पूर्ण करायचे, असे मागील नोंदीत ठरले होते. तो बेत पुढे ढकलावा लागत आहे. फिलिपाइन्सच्या खोल पाण्यातून आलेल्या माझ्या नमुन्यांपैकी सर्वांत मोठ्या शंखावर पांढरी भुकटी धरली आहे, आणि खण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला.

हाच बाइनचा रोग. १८९९ मध्ये शंखांचे अभ्यासक बाइन यांनी या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्याचा दोष जिवाणूंवर ठेवला होता. प्रत्यक्षात लाकूड, एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि पुठ्ठा यांतून सुटणारी असेटिक व फॉर्मिक आम्लांची वाफ दमट हवेत शंखातील कॅल्शियम कार्बोनेटला खाते आणि तयार झालेले क्षार पृष्ठभागावर फुलून येतात. मुंबईच्या पावसाळ्यात त्याला हवी तेवढी ओल मिळते. ज्या विक्रेत्याने ‘संग्रहालयाच्या दर्जाचे’ म्हणून हे खण दिले, त्याच्या खणांचे तळ एमडीएफचे निघाले. माझा त्या मालावर आता विश्वास नाही.

भिंगाखाली पाहता भुकटी प्रथम धरली ती कंगोऱ्यावरच्या मण्यांच्या माथ्यांवर, आणि नेमके तेच मणी या प्रजातीच्या ओळखीला लागतात. टरिडांच्या (जेम्म्युला ज्या कुळात येते त्या गोगलगायींच्या) ओठावरची, म्हणजे शंखाच्या तोंडाच्या कडेवरची, खाच जेम्म्युलामध्ये याच कंगोऱ्यावर येते, त्यामुळे ओठ फुटलेला असला तरी मागे वळलेल्या वाढरेषांवरून तिची जागा सापडते. मणी झिजले की हा पुरावाही जातो. ब्लीचचा येथे उपयोग नाही, आणि तेल किंवा वार्निश लावून क्षार आत कोंडणे मला साफ अमान्य आहे. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून मऊ कुंचल्याने भुकटी झाडून शंख डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवला, पाणी पुन्हा पुन्हा बदलले आणि पंख्याखाली पूर्ण सुकू दिला. (पाणी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातलेच घ्यावे, बॅटरीचे नको.)

काही मण्यांची धार कायमची गेली. मात्र पांढुरक्या अंगावरच्या तपकिरी रेषा पुन्हा ठसठशीत उठल्या, खाचेच्या वाढरेषांचा बाक स्पष्ट आहे, आणि टोकाच्या प्रोटोकाँकवरचे (अळी अवस्थेत बनलेल्या पहिल्या कवचावरचे) नाजूक उभे कंगोरे शाबूत आहेत! वलयांकित कृमींना विषाने टिपणाऱ्या या गोगलगायीच्या बाल्यावस्थेची ती एकमेव खूण वाचली, याचे समाधान शब्दांत मावणारे नाही.

सगळा संग्रह क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत हलवायचे मी ठरवले होते. हे लिहिताना मात्र साठवणीचे साहित्य अपायकारक वाफ सोडते का हे पाहणारी ऑडी चाचणी आठवली: त्या साहित्याचा तुकडा, थोडे पाणी आणि घासून चकचकीत केलेली शिशाची पट्टी बंद बरणीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवली की असेटिक आम्लाने शिसे पांढरे पडते. गळाला लावायचे शिसे ठोकून पट्टी करता येईल. तेव्हा आधी डब्यांचे तुकडे, लेबलांचा कागद आणि आतला फोम तपासतो, छायाचित्रे त्यानंतर.