जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परमधील चाइल्ड सीट: कामाची आजवरची प्रगती

आमची टेम्पो ट्रॅव्हलर १९९० च्या दशकातली असून तिचे कॅम्परमध्ये रूपांतर आधीच्या मालकाने केलेले आहे. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय उत्तम आहे, परंतु लहान मुलीला सुरक्षित बसवता येईल अशी एकही जागा मागच्या भागात नव्हती. या कामात माझे एक मत पक्के झाले आहे: चाइल्ड सीट निवडणे हा सर्वांत लहान भाग असतो; ती ज्या बैठकीवर बसते, ती बैठक आणि तिचा पट्टा गाडीच्या सांगाड्याला कसा जोडला आहे, यावरच सारे अवलंबून असते.

थोडा हिशेब मांडतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा जोर तिच्या वजनाच्या सुमारे चौदा पट होतो. मुलीचे वजन अकरा किलो आणि सीटचे आठ किलो धरले, तरी पट्ट्यावर आणि बोल्टांवर अडीचशे किलोहून अधिक ओढ येते. भिंतीलगतचे प्लायचे बाक लाकडी स्क्रूंवर उभे होते, त्यामुळे त्याचा विचार तिथेच संपला. शिवाय त्या बाकावर बसणाऱ्याचे तोंड आडव्या दिशेला येते आणि चाइल्ड सीटची रचना व चाचणी पुढे किंवा मागे तोंड करून बसवण्यासाठीच झालेली असते. चालकाशेजारच्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे, तर आमच्या सीटच्या पुस्तिकेत कमर आणि खांदा दोन्ही धरणारा, तीन बिंदूंचा पट्टा आवश्यक असल्याचे स्पष्ट लिहिले आहे.

आयसोफिक्सविषयी, म्हणजे चाइल्ड सीट पट्ट्याऐवजी गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या सळ्यांना थेट अडकवण्याच्या पद्धतीविषयी, अनेक जण विचारतात. सहा मिलिमीटर व्यासाच्या दोन सळ्या २८० मिलिमीटर अंतरावर वेल्ड करणे कोणत्याही फॅब्रिकेटरला जमण्यासारखे आहे, आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या मिस्त्रींनी ती तयारी लगेच दाखवलीही. मी नकार दिला, कारण वेल्ड दिसायला कितीही सुबक असले तरी ते किती ओढ सोसेल हे तपासण्याची सोय आमच्यापैकी कोणाकडेच नाही. त्याऐवजी पट्टा पाठीतच बसवलेली, एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र असलेली तयार बैठक घेतली. ती महाग पडली, पण या एका वस्तूवर काटकसर करू नये असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत अधिक वेळ फरशीने घेतला. वरून व्हिनाइल, त्याखाली बारा मिलिमीटरचे प्लाय, त्याखाली उष्णता रोखणारा फोम आणि तळाला पत्रा असे थर आहेत. या थरांवरून बोल्ट आवळला, तर आज तो घट्ट वाटतो. मात्र फोम हळूहळू दबत जातो आणि बोल्ट ढिला पडतो. म्हणून प्रत्येक बोल्टाच्या जागी प्लाय आणि फोम गोल कापून काढला आणि तिथे नेमक्या उंचीची जाड लोखंडी नळी बसवली, म्हणजे बैठकीचा पाय थेट लोखंडावर टेकतो. खालून चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) लांब तुळईला टेकणाऱ्या, कडा गोल केलेल्या जाड प्लेटा दिल्या. भोके पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कुठून जाते ते खडूने आखून घेतले. भोकांच्या उघड्या कडांना रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग आणि वर सीलंट लावले, कारण महाबळेश्वराच्या बाजूचा पाऊस इतक्याशा फटीतूनही पत्रा खातो. बोल्ट १०.९ या उच्च ताकदीच्या ग्रेडचे आहेत. टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून, ते आवळले आणि नट व प्लेटवर मिळून पिवळी रेघ ओढली आहे; नट फिरला तर ती रेघ तुटलेली दिसते.

चाइल्ड सीट बसवताना बकलकडे लक्ष द्यावे. बकलचा दांडा लांब असेल, तर बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवे पडते आणि धक्क्याच्या वेळी त्या कडेवर तरफेसारखे दाबले जाऊन तुटू किंवा उघडू शकते. आमच्या बैठकीचे बकल आखूड असल्याने पट्टा सरळ रेषेत जातो. पट्टा जिथून सीटमध्ये शिरतो, तिथे धरून हलवले असता सीट अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हलली पाहिजे. आमची त्याहून बरीच कमी हलते.

पहिली चाचणी यवतेश्वरच्या घाटातून कासपर्यंत घेतली आणि सीटमध्ये मुलीऐवजी तिच्या वजनाची वाळूची पिशवी बांधली. परतल्यावर पिवळी रेघ सर्व नटांवर अखंड होती आणि पट्टाही ढिला झाला नव्हता. स्वयंपाकाचा पाच किलोचा सिलिंडर मात्र आता बैठकीच्या मागे न ठेवता, वेगळ्या लोखंडी कप्प्यात पट्ट्याने जखडला आहे. वरचाच हिशेब त्यालाही लागू होतो.

दोन कामे उरली आहेत. बैठक वाढल्याने आसनक्षमता बदलते, त्यामुळे आरसी बुकातील नोंदीसाठी आरटीओकडे अर्ज केला आहे. चाइल्ड सीटला पुढून फरशीवर टेकणारा आधारपाय आहे; त्याखाली सध्या सामानाचा पोकळ कप्पा येतो आणि त्याचे झाकण तो भार पेलणार नाही. म्हणून तो कप्पा काढून तिथेही नळ्या आणि प्लेट देणार आहे. तोवर मुलगी या गाडीतून प्रवास करणार नाही.