समुद्राच्या तळावरचे कौल खानापूरच्या छपरावर

खानापूर तालुक्यातील जुनी कौलारू घरे उतरवून नव्याने शाकारून देण्याचे काम मी करतो, त्यामुळे मृगाआधीचे दिवस आमच्यासाठी धावपळीचे असतात. गेल्या मे महिन्यात जंगलभागातील एका गावी असेच एक घर उतरवत होतो. घरच्या धाकट्या मुलाला पत्रे घालायचे होते आणि जुनी कौले फोडून जोत्याच्या भरावात टाकण्यास त्याने गवंड्याला सांगून ठेवले होते. कौले हातोहात खाली येत असताना मी एक उलटे केले, पाठीवरची काजळी ओल्या फडक्याने पुसली आणि 'बासेल मिशन टाइल वर्क्स' ही इंग्रजी अक्षरे व १८६५ हा आकडा स्पष्ट दिसला.

"काका, म्हणजे हे कौल त्या साली केलेले?" मुलाने विचारले. तसे नव्हे, हे मी त्याला समजावले. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगळुरास १८६५ मध्ये कारखाना काढला, ते स्थापनेचे वर्ष कौलांवर उमटवले जाई. कौल त्यानंतर केव्हाही भाजलेले असू शकते.

हीच अक्षरे असलेली कौले मुरगाव बंदराजवळ, ग्रँड आयलंडच्या परिसरातील सेंट जॉर्जेस रीफ या खडकावर फुटलेल्या जहाजाच्या मालातही आहेत. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी तेथे छपराची कौले, आढ्यावरचे कोने, फरशा आणि नक्षीदार खांबांचे भाजक्या मातीचे माथे पाहिले, आणि कारखान्याच्या शिक्क्यामुळे ते जहाज १८६५ नंतरचे, हे निश्चित झाले. जवळच्याच सुंची रीफवर सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत, त्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि तोफा मिळाल्याने लोकांचे लक्ष तिकडे अधिक जाते. मला मात्र कौलांचे जहाज मोलाचे वाटते, कारण त्यातला माल आमच्यासारख्यांच्या घरांवर चढायचा होता. पुढे १८८८ मध्ये मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि बंदरातला जड माल घाटावर आणणे सोपे झाले.

मुलाच्या आजी सोप्यात बसून हे सारे ऐकत होत्या. त्यांनी कौल मांडीवर घेतले, अक्षरांवरून बोट फिरवले आणि "सोप्यावर तरी हीच राहू देत रे," एवढेच म्हणाल्या. मग आम्ही प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. खणखणीत वाजणारी वेगळी रचली, बद्द वाजणारी बाजूला काढली. माजघरावर पत्रे आले, सोप्याला नव्या रिपा मारून जुनी कौले बसवली. शिक्का असलेले फुटके तुकडे मी मागून घेतले. आता पाठ पुसून पाहिल्याशिवाय एकही कौल भरावात टाकायचे नाही, असे गवंड्यांना बजावले आहे.