तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात खाडीत प्लवक वाढतात का?

पुण्यात प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "पावसाळ्यात नद्या एवढं खत समुद्रात नेतात, मग प्लवक फोफावत असतील ना?" "तसं सरळ नाही," म्हटलं की मी उगाच गुंता करतेय असं वाटतं. म्हणून एकदाच सविस्तर.

रायगड जिल्ह्यातली कुंडलिकेची खाडी घ्या. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात उतरतं, म्हणजे पुणे जिल्ह्यातला पाऊसही खाडीच्या मुखाशी रेवदंड्याला पोचतो. पुराच्या पाण्यात नायट्रेट असतं, डायाटम या प्लवकांच्या काचेसारख्या कवचाला लागणारं सिलिकेट तर मुबलक. कमी पडतो तो उजेड. गढूळपणा मोजायला पाण्यात सोडतात ती सेकी तबकडी अर्ध्या मीटरवर दिसेनाशी झाली, तर वाढीपुरता उजेड जेमतेम दीड मीटरपर्यंत. पाणी पाच मीटर खोल असेल आणि उधाण ते घुसळत असेल, तर पेशी बहुतेक वेळ अंधारात. शिवाय पेशी दुभंगायला साधारण एक दिवस लागतो; पूर तिला त्याआधीच खाडीबाहेर नेतो.

वाढ होते ती उघडिपीत. चार-पाच दिवस पाऊस थांबला, त्यात अष्टमीचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, आला, गाळ खाली बसला, की त्याच खतावर स्केलेटोनेमासारखे डायाटम झपाट्याने वाढतात. महिन्यातून एकदाच नमुना घेणाऱ्याच्या हाती हे लागेलच असं नाही.

माझ्याही लागलं नव्हतं. "पावसाळ्यात प्लवक नसतातच," असं मी ठामपणे सांगायचे. आधार होता जुलैच्या बाटल्यांचा. ताम्हिणी घाटातून पुण्याला आणलेल्या, २५० मिलीच्या, पेशी टिकवायला लुगॉल हे आयोडीनचं द्रावण घातलेल्या. स्वच्छ समुद्राच्या पाण्याला १०० मिलीमागे १ मिली पुरतं, रंग फिक्या चहासारखा येतो. पुराच्या पाण्यातला सेंद्रिय गाळ मात्र आयोडीन खाऊन टाकतो. तीन आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा बाटल्यांना रंगच उरला नव्हता. नाजूक पेशी विरून गेलेल्या, डायाटमची रिकामी कवचं गाळात दडलेली. तरी मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, १ मिली पाणी मावणाऱ्या सेजविक-राफ्टर पेटीत मोजणी केली आणि शून्याजवळचे आकडे लिहिले. बाटलीचा दोष खाडीच्या माथी मारला. तेव्हा घाई होती, हे खरं. पण रंग उडालेला डोळ्यांना दिसत होता, हेही खरं.

आता दुसऱ्या दिवशी आणि नंतर दर आठवड्याला रंग पाहायचा, फिकटला की पुन्हा लुगॉल. बाटली तपकिरी काचेची, अंधारात. सिलिकेटचा नमुना मात्र प्लॅस्टिकमध्येच, काचेतून सिलिका सुटते. गाळ जास्त असेल तर नमुना पातळ करून मोजायचा. क्लोरोफिल, म्हणजे प्लवकांचं हरितद्रव्य, मोजायला लिटरभर पाणी गाळायचा हट्ट नको. गाळणी १००-२०० मिलीतच तुंबते, पंपाचा जोर वाढवला की पेशी फुटतात.

"उपग्रहाच्या चित्रात तर किनारा हिरवागार दिसतो," असंही ऐकवतात. पावसाळ्यात बहुतेक दिवस ढग असतात. फटीतून दिसलंच, तर गाळ आणि विरघळलेली पिवळट द्रव्यंही क्लोरोफिल म्हणून मोजली जातात.

मग पावसाळा प्लवकांना वाईट? तेही म्हणवत नाही. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर याच महिन्यांत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि प्लवक खरोखर फोफावतात. तुमचा प्रश्न तिथे विचारलात तर उत्तर "हो" आहे. कुंडलिकेचं उत्तर मी अजून उघडिपीचे दिवस धरून मांडतेय. जुन्या जुलैत पाऊस कधी थांबला होता, हे हवामानाच्या नोंदींतून काढता येतं. त्या बाटल्यांत पेशी किती होत्या, ते नाही.