जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरचा कार्बोरेटर ओव्हर होतो तेव्हा

पेट्रोलवर चालणारा जुना ट्रॅक्टर पुण्याच्या आसपास दिसलाच तर नांगराला जुंपलेला दिसत नाही, मुळशी-मावळाकडच्या एखाद्या शौकिनाच्या शेडमध्ये दिसतो. फोर्ड ८एन (१९४७ ते १९५२) किंवा फर्ग्युसन टीई-२० (१९४६ ते १९५६) ही त्यातली ओळखीची नावं. तक्रारही ओळखीची: टाकीखालचा कॉक उघडला की कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग) ओव्हर होतो, म्हणजे भरून वाहतो, खाली पेट्रोलचं थारोळं. त्यावर ठरलेला इलाज म्हणजे नवी निडल, पेट्रोलची वाट अडवणारी सुई. ती टाकूनही गळती राहते, कारण पेट्रोल कुठून आणि का सांडतंय हे कुणी बघितलेलंच नसतं.

या ट्रॅक्टरांवरचा कार्बोरेटर अपड्राफ्ट असतो. हवा खालून येते, मिश्रण वर मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात नेणाऱ्या नळीकडे जातं. पेट्रोल आधी वाटीत साठतं. त्यावर तरंगणारा फ्लोट वर आला की निडल तिच्या सीटवर दाबतो आणि येणारं पेट्रोल थांबवतो. वाटीतली ही पातळी मेन नॉझलच्या, म्हणजे हवेत पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या तोंडापेक्षा जराशी खाली असावी लागते. ती वर चढली की पेट्रोल नॉझलमधून आपोआप वाहतं, हवेच्या नळीत उतरतं आणि तळाच्या बारीक भोकातून टपकतं. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. एम-सीलने बुजवलेलं दिसलं तर आधी मोकळं करा. बुजवल्यावर तेच पेट्रोल एअर क्लिनरच्या नळीत साठतं, आणि इंजिनाने एक बॅकफायर मारला की पेट घेतं.

कामाला हात घालण्यापूर्वी ट्रॅक्टर उघड्यावर घ्या आणि बॅटरीची अर्थची वायर काढा. ८एन मूळचा सहा व्होल्टचा आणि पॉझिटिव्ह अर्थचा आहे, तेव्हा सवयीने निगेटिव्हला पाना लावू नका. कुणी बारा व्होल्टचा केला असेल तर वायर नीट बघूनच ठरवा.

आता कार्बोरेटर बाहेरून पुसून कोरडा करा, खाली वर्तमानपत्र पसरा, चोकला हात न लावता कॉक उघडा आणि दहा मिनिटं थांबा. कागद कोरडा राहिला तर वाटी, फ्लोट, निडल बहुतेक ठीक आहेत. मग दोष चोकचा. जास्त ओढला की अपड्राफ्टमधून थोडं पेट्रोल टपकणारच आणि थोड्या वेळात थांबणारही. पण केबल अडकून चोकची हवा अडवणारी पट्टी अर्धवट बंद राहत असेल तर इंजिन सतत काळा धूर सोडेल. कागद ओला झाला तर डाग कुठे पडलाय ते पाहा. दोन भागांच्या जोडाखाली असेल तर पॅकिंग किंवा ढिले स्क्रू. हवेच्या तोंडाखाली असेल तर पातळी चढतेय, म्हणजे खरं काम आता सुरू.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टिचक्या मारा. गळती थांबली तर निडलखाली कचरा आहे किंवा निडल अडकतेय. यावर समाधान मानू नका, कचरा पुन्हा येणार. तळाचा ड्रेन प्लग काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि जरा स्थिर होऊ द्या. तळाशी तांबूस गाळ म्हणजे टाकीतला गंज, वेगळा गोलसर थेंब म्हणजे पाणी. टाकी, सेडिमेंट बाउलची (टाकीखालच्या गाळ धरणाऱ्या वाटीची) जाळी आणि कार्बोरेटरच्या इनलेटची जाळी साफ केल्याशिवाय नवी निडल बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कार्बोरेटर उघडल्यावर आधी फ्लोट बघा, निडल नंतर. ८एनवरच्या मार्व्हल-शेबलर कार्बोरेटरमध्ये फ्लोट वरच्या भागाला लटकलेला असतो, तेव्हा दोन्ही भाग सरळ सोडवा, वाकडे ओढू नका. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड झालाय. आवाज आला नाही तरी गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, बुडवून धरा. बुडबुडा निघेल तिथे भोक. कथलाचा डाग देऊन ते बुजवायचं तर आधी आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण काढावी लागते, गॅसची ज्योत लावायची नाही, फक्त सोल्डरिंग आयर्न, आणि कथील अगदी थोडं. जास्त कथिलाने फ्लोट पुन्हा जड होतो. नवा मिळत असेल तर डागडुजीच्या फंदात पडू नये, असं माझं मत.

फ्लोट कॉर्कचा असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या कॉर्कवर लाखेचा थर असायचा. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. फ्रेंच पॉलिशवाले लाखदाणा स्पिरिटमध्येच भिजवतात. पंपावर आता जे ई-२० मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. थर गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो आणि पातळी चढते. अशा वेळी निडल कितीही बदला, काही होणार नाही. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं, त्यामुळे मुळशीतल्या पावसाळ्यात चार महिने टाकी अर्धी ठेवून ट्रॅक्टर उभा केला तर गाळ आणि गंज ठरलेलाच.

मग निडल. टोकाच्या शंकूवर नखाला लागेल अशी गोल रेघ उमटली असेल तर ती गेली. ग्राइंडिंग पेस्ट लावून घासू नका. निडल आणि सीट जोडीनेच बदला. सीटखालचा फायबर वॉशर बघा. तो नसेल किंवा फाटला असेल तर पेट्रोल निडलला वळसा घालून आट्यांमधून येतं. ही गळती सगळ्यात जास्त फसवते, कारण निडल कोरी करकरीत असते.

पातळी मोजताना वरचा भाग उलटा धरा, नवं पॅकिंग त्यावर ठेवलेलं असू द्या. ८एनच्या मार्व्हल-शेबलरला पॅकिंगपासून फ्लोटच्या जवळच्या कडेपर्यंत पाव इंच, म्हणजे सुमारे ६.३ मिमी हवं. पाव इंचाच्या ड्रिल बिटचा दांडा हाच गेज. फ्लोटच्या दोन्ही बाजू सारख्या हव्यात. फरक असेल तर पकडीने फ्लोटची पट्टीच वाकवा. फ्लोट दाबून वाकवला तर निडलच्या टोकावर खड्डा पडतो, रबरी टोक तर लगेच खराब होतं. स्टँडर्ड कंपनीचं इंजिन असलेल्या फर्ग्युसनवर झेनिथ कार्बोरेटर असतो, त्याला हे माप चालणार नाही. त्याच कार्बोरेटरचं माप घ्या.

फ्लोटच्या कडेवर चकाकी दिसली तर तो वाटीला किंवा आत आलेल्या पॅकिंगला घासतोय. पॅकिंग घरी कापलं असेल तर आतली कड नीट कापा. गॅस्केट पेपर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतो. निडल-सीट नाना पेठेत शोधायला गेलात तर जुना नमुना बरोबर न्या.

सगळं बरोबर करूनही गळत असेल तर टाकीकडे वळा. या ट्रॅक्टरांत पेट्रोल उतारानेच येतं. टाकी कार्बोरेटरपेक्षा दोनेक फूट वर धरली तर दाब जेमतेम ०.६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) होतो, आणि निडल तेवढ्याच दाबासाठी असते. मधल्या कुणा मालकाने इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर तो ३-४ पीएसआय देतो आणि निडल उघडी पाडतो. पंप काढा. एप्रिल-मेमधल्या उन्हात हवेचं भोक नसलेलं टाकीचं झाकणही तेच करतं: आत वाफेचा दाब वाढतो आणि पेट्रोल ढकललं जातं. झाकण सैल केल्यावर गळती थांबली तर उत्तर मिळालं.

जोडल्यावर पुन्हा वर्तमानपत्र, कॉक उघडा, दहा मिनिटं. कोरडं राहिलं तर मेन स्क्रू हलकेच बंद करून दीड फेरी उघडा, आयडल स्क्रू एक फेरी. इंजिन गरम झाल्यावर शेवटचं ॲडजस्टमेंट करा. आणि ट्रॅक्टर टेम्पोवर चढवून नेणार असाल तर कॉक आधी बंद करा. हादऱ्यांनी निडल सीटवर टिकत नाही.